काळुरामची ब्रह्मदेशातली गिरणी

भर दुपारी बाराच्या उन्हात कोपरीच्या मिठागरात कुणी काम करत नाही. माणसं बांधावरच्या झोपडीत भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसतात. पण भिवाला नेमका त्याच वेळी आगरात एक माणूस दिसायचा. कमरेत वाकून फळीनं मीठ ओढणारा. तो मान वर करायचा आणि विचारायचा, "भिवा, गिरनी कशी हाय रं?" तो भिवाचा थोरला भाऊ काळुराम. आणि काळुरामला जाऊन वर्ष होत आलं होतं.

भिवा भित्रा गडी नव्हे हो! वीस वर्षं आगबोटीवर खलाशी होता, मरण चार वेळा जवळून पाहिलेला. पण ऊन डोक्यावर आलं की त्याच्या हातातला घास हातातच राहायचा.

त्या गिरणीची गोष्ट सुरू होते एडनला. भिवाच्या बोटीनं तिथं नांगर टाकला आणि समोर बघतो तर मिठागरं! कोपरीसारखीच, फक्त पाणी चढवायला पवनचक्क्या. पोरगं जत्रेत हरखावं तसा भिवा हरखला. "मालक कुठं असतो यांचा?" त्यानं विचारलं. बोटीवरचा गोव्याचा बटलर मिंगेल खो खो हसला. म्हणाला, "मालक? अरे, मालकांनी हे मीठ डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. ते दर्यापल्याड बसून कंपनीचे कागद घेतात. मीठ इथं पिकतं, नफा तिकडं जातो."

भिवाला ते काही केल्या पटेना. मीठ न चाखता मालक? पण तेव्हापासून त्याला नादच लागला. बाकीचे खलाशी बंदरात उतरले की गुत्ता शोधायचे, हा विचारत फिरायचा, "हे कुणाचं?" कोलंबोला चहा, पेनांगला रबर, झांजीबारला लवंग. मिंगेल वर्तमानपत्र वाचून त्याला समजवायचा. कंपनीचा भाग म्हणजे काय, नफ्याचा वाटा कसा येतो, भाव कशानं पडतो. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, "सगळा पैसा एका देशात अडकवू नकोस." यावर भिवा मान डोलवायचा. आगरी माणसाला हे काय शिकवायचं? आगरात मीठ धरायला एकच मोठी कुंडी कुणी बांधतं का? वीस लहान बांधतात. एक गळाली तरी एकोणीस राहतात.

एवढं कळत होतं, आणि तरी या शहाण्यानं काय करावं?

हंगामाच्या आधी कुंडीचा तळ अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करतात. तळ पाणी धरेल की गळेल, हे जुन्या माणसांच्या तळपायाला कळतं. भिवाच्या पायाची तर कोपरीत ख्याती होती. म्हणून हा गडी प्रत्येक बंदरात बूट काढून जमिनीवर उभा राहायचा. चहाचा उतार पायाला आवडला नाही. रबराच्या बागेत मुंग्या चावल्या. आणि सत्तेचाळीस साली ब्रह्मदेशात, इरावतीकाठच्या भाताच्या गिरणीच्या आवारात त्यानं पाय टेकला. थंड, घट्ट, चिकणमाती. थेट आपल्या आगराचा तळ! भिवाच्या अंगावर काटा आला.

मिंगेल कळवळून ओरडला, "अरे बाबा, पायाला राज्य कळतं काय? इथलं सरकार बदलतंय!"

पण ऐकेल तो भिवा कसला. घरी येऊन त्यानं काळुरामला सगळं सांगितलं. काळुराम उभ्या जन्मात कल्याणच्या पलीकडं गेला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "पाय लावून बघितलास ना?"

"बघितला, दादा."

झालं. दोघा भावांचं बापजाद्यांचं आगर ठाण्याच्या एका शेटला विकलं गेलं आणि त्या पैशांत गिरणीच्या कंपनीचे कागद घरात आले. काळुराम त्याच आगरात रोजानं मीठ ओढू लागला, तेही हसत हसत.

दोन वर्षांत तिकडं बंडाळी माजली. गिरणी जळाली, कंपनी बुडाली, कागदाची रद्दी झाली. भिवाला ही बातमी कोलंबोच्या धक्क्यावर कळली. दादाला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं आपल्या पगारातून मनीऑर्डर धाडली आणि खाली लिहवून घेतलं, "गिरणीचा वाटा." मग दर सहा महिन्यांनी तेच. दादाला धक्का बसू नये म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. आपला पाय चुकला हे त्याला कुणापुढं कबूल करायचं नव्हतं.

बावन्न साली मिठाचा भाव पडला. शेटनं काळुरामला बोलावून सांगितलं, "आगर परत घे, निम्म्या किमतीत देतो." आलेल्या सगळ्या मनीऑर्डरी काळुरामनं डब्यात जपून ठेवल्या होत्या. आगर सहज सुटलं असतं! पण तो शेटच्या तोंडावर हसला. "मना काय करायचंय आगर? माजी गिरनी हाय." भिवाला हे चार महिन्यांनी कळलं, तोवर शेटनं दुसरं गिऱ्हाईक गाठलं होतं. पुढं चार वर्षांनी काळुराम ऊन लागून त्याच आगरात पडला तो उठलाच नाही.

आणि आता सत्तावन्न साली, भिवा बोट सोडून कोपरीत परतला होता तेव्हा, एका सकाळी, काळुरामची बायको शेवंती भिवाच्या दारात आली. पदराखाली घरविक्रीचा कागद होता.

"भावोजी, घराला गिऱ्हाईक मिळालंय. हे जायच्या आदी बोलले होते, घर इका आनि गिरनीचं आनखी कागद घ्या, शालूला वाटा होईल. उद्या अंगठा करायचाय. तुमी संगं या."

शालू ही तिची एकुलती लेक, आणि ते दोन खोल्यांचं घर सोडलं तर त्या मायलेकींना डोकं टेकायला जागा नव्हती. आज गप्प बसला असता तर तेही गेलं असतं.

"वयनी, गिरनी नाय," तो म्हणाला. "आठ वर्सं झाली जळून."

"मग मनीआर्डर?"

"माजा पगार."

शेवंती रडली नाही, भांडली नाही. तिनं तो कागद हळूहळू फाडला. मग म्हणाली, "नऊ वर्सं ते दुसऱ्याच्या आगरात राबले, पन घरी यायचे ते मालकावानी. मेले ते पन मालकच. आज तुमी त्यांना मजूर केलंत, भावोजी."

ती निघून गेली. घर वाचलं होतं.

बारा वाजता भिवा आपल्या पायानं बांधावर गेला. काळुराम होताच. वाकलेला, फळीनं मीठ ओढत. भिवा वाट बघत उभा राहिला. शेवटी त्याच्यानं राहवेना. "दादा, इचार ना रं," तो म्हणाला, "खरं सांगतो आता."

काळुरामनं मान वर केली नाही. रोजावरचा माणूस करतो तसं तो खालमानेनं काम करत राहिला.

पुढं भिवा जगला तोवर रोज दुपारी बांधावर जायचा. काळुराम रोज दिसायचा. विचारायचा मात्र नाही.