रोलर थांबला तिथलं वळण

डोंगरातल्या दगडखाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत जो राज्य महामार्ग जातो, तो आधी नुसती गाडीवाट होता. खाणीतला दगड गाड्यांतून धक्क्यावर जायचा आणि तिथून नावेत चढायचा. मग त्या वाटेवर मुरूम पडला, मुरमावर खडी, खडीवर डांबर, आणि सगळ्यात शेवटी सरकारची पाटी लागली. पाटी लागली म्हणजे महामार्ग झाला. रस्ता मात्र एकदम झाला नाही. खाणीकडून सुरू होऊन तो वर्षानुवर्षं इंचाइंचाने पुढे सरकत राहिला, आणि त्याच्यासोबत सरकत राहिला रोलरभाऊ.

त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. ऐन तारुण्यात तो खाणीजवळच्या टोकाला रोलरवर चढला, तो उतरलाच नाही म्हणा ना. रोलर पुढे गेला की मजुरांचे तंबू पुढे, तंबू पुढे गेले की रोलरभाऊचं बिऱ्हाड पुढे. लग्न झालं तेव्हा रस्ता पहिल्या घाटाच्या पायथ्याशी होता, मुलगी झाली तेव्हा तेलगिरणीपाशी. मुलीचं लग्न झालं तेव्हा दुसरा पूल लागला होता. कुणी विचारलं, "अमुक गोष्ट कधी झाली हो?" तर त्याची बायको साल सांगत नसे. "पुलाच्या अलीकडे होतो तेव्हा," असं सांगायची, आणि त्यांच्या घरात ते सगळ्यांना कळायचं.

रोलरचा वेग माणसाच्या चालीएवढा. रोलरभाऊचं बोलणंही त्याच वेगाचं झालेलं. प्रश्न विचारून माणूस चहा पिऊन आला तरी उत्तर चुकायचं नाही. उलट त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच महामार्गावर एसटीचा ड्रायव्हर. तो एकदा खाली जाताना आणि एकदा वर येताना शेजारून भोंगा वाजवत सुसाट जायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "भावजी, पोचलात का?" रोलरभाऊ शांतपणे हात वर करायचा. तोवर बस दिसेनाशी झालेली असायची.

असं करत करत रस्ता तालुक्याच्या बाजारात शिरला आणि एका सकाळी, शिंप्याच्या दुकानासमोर, रोलर खाडकन आवाज करून बंद पडला. अगदी रस्त्याच्या मधोमध. गिअर तुटला होता. एवढंच. गिअर मागवायचा, बसवायचा, पुढे जायचं. पण त्याच आठवड्यात महामार्ग खात्याची वाटणी झाली होती. बाजाराच्या वरचा रस्ता वरच्या विभागाकडे, खालचा खालच्या विभागाकडे. हद्दीची रेघ नेमकी शिंप्याच्या दुकानावरून गेली. रोलरचं पुढचं चाक खालच्या विभागात आणि मागची दोन वरच्या विभागात.

वरच्या विभागाचे साहेब आले. रोलरभोवती फेरी मारून म्हणाले, "तोंड कुठे आहे याचं?"

"खाली," रोलरभाऊ म्हणाला.

"मग त्यांचा आहे."

दुपारी खालच्या विभागाचे साहेब आले. त्यांनीही फेरी मारली. "इंजिन कुठल्या बाजूला?"

"मागे."

"मग आमचा कसा? इंजिन ज्याचं, गाडी त्याची."

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे काहीच झालं नाही. पुढे कुणी बडा पाहुणा या रस्त्याने यायचा ठरलं. ठेकेदाराला घाई झाली. त्याने रोलरला डावीकडून वळसा घालून डांबर टाकलं आणि तो पुढे निघून गेला. मागोमाग पट्टे रंगवणारा आला. तो इमानदार माणूस होता. डांबर जिकडे, पट्टा तिकडे. त्याने पांढरा पट्टा रोलरभोवती असा सुरेख वळवून काढला की बघणाऱ्याला वाटावं, हे असंच ठरलेलं होतं. पाहुण्यांची गाडी वळली, मेव्हण्याची बस वळली, आणि मग सगळं जग तिथे वळायला लागलं.

रोलरभाऊची नोकरी रोलरवर होती. रोलर जाग्यावर होता म्हणजे नोकरीही जाग्यावरच होती. तो सकाळी वेळेवर यायचा, पत्र्याच्या छताखाली सीटवर बसायचा, फडक्याने स्टिअरिंग पुसायचा, जिथे तेल घालायचं तिथे घालायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि मागच्या चाकाच्या सावलीत बसायची. शिंप्याने विचारून विचारून छताच्या दांडीला इस्त्रीचे कपडे टांगायला सुरुवात केली. लोक पत्ता सांगताना "रोलरपासून दुसरी गल्ली" म्हणू लागले. बसथांब्याला आपोआप रोलर हे नाव पडलं.

एकदा त्याची बदलीही झाली. रोलरसह तात्काळ हजर व्हावे, असा हुकूम आला. रोलरभाऊ दोन दिवस काळजीत होता.

"जायचं कसं?" त्याने बायकोला विचारलं.

"तुम्ही नका जाऊ. रोलरला पाठवा," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

तो गेला नाही, रोलरही गेला नाही, आणि पुढे कुणी विचारलंही नाही. उलट काही काळाने एकाच जागी निष्ठेने सेवा केल्याबद्दल त्याला बढती मिळाली. वरिष्ठ चालक.

मग खात्याने महामार्गाचा मार्ग आणि इतिहास यावर एक पुस्तक काढायचं ठरवलं. त्यासाठी इतिहासवाले साहेब आले. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी, बोलणं गोड. बाजारातलं हे वळण बघून त्यांचे डोळे चमकले. सरळसोट बाजारपेठ, दोन्हीकडे दुकानं, आणि मध्येच असा डौलदार वळसा! कारण काय?

शिंपी म्हणाला, पूर्वी इथे एका राजाचा घोडा अडला होता. पानवाला म्हणाला, घोडा नाही, हत्ती. किराणा दुकानदार म्हणाला, खाली तळं आहे, पाताळापर्यंत. शेवटी साहेब सीटवर बसलेल्या रोलरभाऊकडे वळले. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

रोलरभाऊने नेहमीप्रमाणे वेळ घेतला. "मी थांबलो होतो," तो म्हणाला. "म्हणून."

साहेब मनापासून हसले, त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "वा! असा विनोद हवा माणसाला." आणि पुस्तकात त्यांनी लिहिलं की या ठिकाणी भूगर्भातील मऊ थरांमुळे प्राचीन काळापासून मार्ग वळवण्यात आला आहे. शेजारी रोलरचा फोटो. फोटोत रोलरभाऊचा अर्धा कान आला होता.

आता कुणाला वाटेल, रोलरभाऊ चिडला असेल. छे! त्याने तो मजकूर शिंप्याकडून दोनदा वाचून घेतला आणि त्याला तो फार आवडला. बसल्या बसल्या आपण बिघडलेल्या गाडीवर बसलोय असं वाटण्यापेक्षा प्राचीन मऊ थरांवर बसलोय असं वाटणं केव्हाही बरं. हळूहळू तो आल्यागेल्याला सांगू लागला, "खाली जमीन मऊ आहे. म्हणून हा हलत नाही. हलवला तर सगळा बाजार खचेल."

"अहो, गिअर तुटला होता," बायको डब्याचं झाकण लावत म्हणायची.

"गिअर का तुटला? थरांमुळेच."

ती हात जोडायची आणि घरी जायची.

आणि मग काय व्हावं? दोन्ही विभाग पुन्हा एक झाले. का, ते कुणी सांगितलं नाही. वाटणी का केली तेही कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी टेम्पोतून एक मेकॅनिक उतरला, त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला गिअर. दुपारच्या चहाच्या आत त्याने तो बसवला आणि म्हणाला, "मारा चावी."

रोलरभाऊने फडक्याने स्टिअरिंग आणखी एकदा पुसलं. अख्खा बाजार जमला. किराणावाल्याने मऊ थरांच्या भीतीने दुकानातली बरण्यांची रांग खाली उतरवून ठेवली. इंजिन धडधडलं, धूर निघाला, शिंप्याने धावत जाऊन दांडीला टांगलेल्या साहेब लोकांच्या पँटी काढून घेतल्या, आणि रोलर हलला! बाजार खचला नाही. रोलरभाऊला, खरं सांगायचं तर, जराशी निराशाच झाली.

रोलर गेला, पण वळण राहिलं. मधे आता नुसती जुन्या खडीची मोकळी जागा होती, तरी सगळ्या गाड्या तिला वळसा घालून जात. मेव्हणा म्हणायचा, "काय करू, हातच वळतात." परगावचा एक ट्रकवाला बिचारा सरळ गेला, तर हवालदाराने शिट्टी मारून त्याला अडवलं. "दिसत नाही का?" हवालदार म्हणाला. "काय?" ट्रकवाल्याने विचारलं. हवालदाराने रिकाम्या जागेकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि आणखी जोरात शिट्टी मारली. वळण सरळ करावं असा अर्ज लोकांनी केला, पण मंजूर नकाशात वळण होतं, पुस्तकात त्याचं कारणही छापलेलं होतं. अर्ज फेटाळला गेला.

रोलरभाऊला हुकूम आला: रोलर महामार्गाच्या शेवटच्या टोकाला, धक्क्याजवळच्या डेपोत जमा करावा. बाजाराच्या पुढे तो जन्मात गेला नव्हता. बायको म्हणाली, "मीही येते."

"सीट एकच आहे."

"मला कुठे सीट हवीय? तुमच्या गाडीला मी चालत मागे टाकीन."

तसंच झालं. ती पिशवी घेऊन पुढे निघायची, झाडाखाली बसून हिरव्या भाजीची जुडी निवडायची, चार बायकांशी ओळख करून घ्यायची, तेव्हा कुठे लांबून धडधड ऐकू यायची. मेव्हणा येता-जाता बस थांबवून खिडकीतून डबा द्यायचा. आता तो भोंगा वाजवत नसे. बसमधले प्रवासीही रोज विचारायचे, "कुठवर आले?"

खरी अडचण दुसरीच होती. हा खालचा रस्ता दुसऱ्या कुणी दाबला होता, आणि रोलरभाऊला तो पसंत पडेना. सीटखालून त्याला प्रत्येक उंचवटा कळायचा. "काय काम केलंय! झोपेत चालवलाय," असं पुटपुटत तो रोलर मागे घ्यायचा आणि कधीचं वाळून दगड झालेलं डांबर पुन्हा दाबू लागायचा.

बायको माघारी चालत आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय चाललंय?"

"इथे थोडं वर राहिलंय."

"रस्ता वर राहिलाय का तुमचं डोकं? आपल्याला पोचवायचाय हा, का परत नवीन करायचाय?"

"एकदाच फिरवतो."

"कालपासून याच झाडाखाली आहोत आपण! ते झाडसुद्धा कंटाळलं."

त्याने एकदाच फिरवला, मग अजून एकदा, आणि तिने बोलणं टाकल्यावर निमूट पुढे निघाला.

शेवटी एकदाचा धक्का आला. म्हणजे पाटी आली. धक्का होता, दगडी पायऱ्या होत्या, नावा बांधायचे लोखंडी खुंट होते. नदी मात्र नव्हती. ती केव्हाच पात्र बदलून लांब निघून गेली होती. पायऱ्या उतरून गेलं की खाली टोमॅटोचा मळा होता. महामार्ग तिथे येऊन, पाटी वाचून, थांबला होता.

डेपोच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने रोलर आत घ्यायला नकार दिला. त्याच्याकडे इतिहासवाल्या साहेबांचं पुस्तक होतं. फोटोखाली बोट ठेवून तो म्हणाला, "हे बघा, 'ऐतिहासिक स्थळ'. आम्ही यंत्रं घेतो. स्थळं घेत नाही."

"पण हे चालतं," रोलरभाऊ म्हणाला.

"चालतं तर चालवा."

म्हणून मग त्याने चालवलं. तोपर्यंत खात्याने ठरवलं होतं की महामार्ग नदीपर्यंत न्यायचाच, नदी जिथे असेल तिथे. रोलर समोर होता, चालक वर बसलेला होता, दुसरीकडून कुणाला बोलवायची गरज नव्हती. मळ्याच्या बांधाने नवी आखणी झाली, मुरूम पडला, खडी आली. दर वर्षी पूर आला की नदी आणखी थोडी पलीकडे सरकायची आणि रस्ता तेवढा वाढवला जायचा. साहेब वैतागायचे. रोलरभाऊला मात्र ही नदी आवडली. त्याच्याच चालीची होती.

त्या नव्या रस्त्यावर अजून एकही गाडी नव्हती. एका संध्याकाळी काम संपल्यावर तो खाली उतरला आणि बायकोला म्हणाला, "चढ."

"मी? वेड लागलं का?"

"चढ गं. इथे कुणाला धडकणार आहेस?"

तिने पदर खोचला, हो नाही करत सीटवर बसली, त्याने दाखवला तसा दांडा ओढला. रोलर धडधडत निघाला. रोलरभाऊ पुढे पुढे चालू लागला, दर दहा पावलांनी वळून बघत. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, ओठ मिटून, समोर नजर लावून येत होती. बरंच अंतर गेल्यावर तिने इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं, "एवढंच असतं होय?"

"एवढंच!" तो ओरडला.

"आणि एवढ्यासाठी रोज माझ्याकडून कंबर चोळून घेता?"

त्याने काहीतरी उत्तर दिलं, पण ते यायला वेळ लागला आणि तोवर ती पुढे निघून गेली होती.