अढी आणि राजा
पेंढ्याला आंब्याचा वास लागला की मला ते पाच दिवस आठवतात. मुंबईतली नोकरी सुटून मी रत्नागिरीला घरी येऊन बसलो होतो. चिपळूणला बहीण बाळंत झाली म्हणून आई-बाबा तिच्याकडे निघाले, तेव्हा बाबांनी माजघरात पेंढ्यात घातलेली आंब्यांची अढी दाखवली. "रोज हात फिरव हां. पिकलेला बाजूला काढ. बारशाला न्यायचेत." मी हो म्हटलं, खिडक्या लावल्या आणि लॅपटॉप उघडला. मालिकेत बर्फातली गावंच्या गावं जळत होती, राज्यासाठी भाऊ भावाचा गळा कापत होता, आणि मी घामेजल्या बनियनवर बिस्किटं खात बघत होतो. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू व्हायचा. कुणीही मेलं तरी काही वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माजघरातून गोड वास आला, चौथ्या दिवशी आंबट. मी उठून फक्त दार लोटलं. बाबा एकटेच परतले ते थेट तिथे गेले. काळे पडलेले आंबे टोपलीत भरून त्यांनी माडाच्या आळ्यात ओतले. रस कोपरापर्यंत ओघळला होता. आता ओरडतील म्हणून मी थांबलो. हात धुऊन ते माझ्याशेजारी बसले. "एवढं बघितलंस, मग राजा कोण झाला शेवटी?" शेवटचा भाग मी त्याच सकाळी बघितला होता, तरी नाव आठवेना. बाबा उठले. मग आत जाऊन त्यांनी आजारी माणसाला देतात तशी मऊ पेज केली. आता अढी मीच घालतो. तो राजा कोण, हे मी अजून शोधलेलं नाही. पेज खारट झाली होती, एवढं आठवतं.