निष्पाप माणसाची चूक

मार्गशीर्षातल्या सकाळी हरभऱ्याच्या वावरातून चाललं की साडीच्या निऱ्यांना आंब लागते. दवात विरघळलेला तो आंबट गंध मग दिवसभर अंगाभोवती रेंगाळत राहतो, आणि कोवळं ऊन तिरपं होऊन धुक्यात शिरतं तेव्हा हसनाबादचं सारं शिवार अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं दिसतं. शिकवते त्या कॉलेजला सुट्टी लागली की मी बदनापूरहून माहेरी येते ती या गंधासाठी आणि दादासाठी.

दादा माझा थोरला भाऊ. पन्नाशी उलटली, केस पिकले, पण त्याची बुद्धी जन्मापासूनच सावकाश चालणारी. वार त्याच्या डोक्यात मागेपुढे होतात, अनोळखी माणसापुढे शब्द अडतात. मधल्या भावाच्या मेंढ्यांपाशी मात्र तो तासन्‌तास रमतो. त्याच्यावरूनच मी एक कादंबरी लिहायला घेतली आहे. तिच्यातला भोळा नायक कडब्याची गंजी पेटवतो, गाव त्याला क्षमा करतं आणि त्या क्षमेच्या उजेडात तो देवासारखा दिसू लागतो. ते प्रकरण लिहिताना माझे डोळे भरून आले होते. स्वतःच्याच लेखनावर रडण्यासारखं सुख नाही, कुणाही लिहिणाऱ्याला विचारा.

यंदाच्या सुट्टीत दादानं वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेली जाळी, उचलली आणि मेंढ्या शेजारच्या साळवे गुरुजींच्या हरभऱ्यात शिरल्या. घाटे नुकते भरत आले होते. आम्ही धावत पोचेपर्यंत बांधालगतचा मोठा पट्टा बोडका झाला होता. मधल्या भावाची बायको, वहिनी, माफी मागायला गेली, तर गुरुजी म्हणाले, "जाऊ द्या हो. विठ्ठलला काय कळतं? लेकरूच ते."

आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या मेंढ्या दुसऱ्याचं पीक खातात, त्यानं त्या एक रात्र त्याच्या मोकळ्या वावरात बसवायच्या. लेंड्यांचं खत मिळतं, नुकसान थोडंफार भरून निघतं आणि मनात किल्मिष उरत नाही. गुरुजींनी तेही नको म्हटलं, आणि प्रकरण मिटलं असं आम्ही धरून चाललो.

दादा मात्र जेवेना. "कालपासून ताट तसंच ठेवून राह्यले," वहिनी म्हणाली. "अंगात ताप न्हाई, काही न्हाई." मी त्याच्याजवळ लिंबाखाली जाऊन बसले. पानांतून गळणारं ऊन त्याच्या पांढऱ्या केसांवर हलत होतं. समजूत काढायला म्हटलं, दादा, तुझी काही चूक नाही, वाघरच ढिली होती.

"ढिली न्हव्हती. मी उचलली," तो म्हणाला. "घाटे गोड असतेत. मेंढ्यांला द्यावे वाटले. गुरुजीचे हायेत, माहीत होतं मला."

माझ्या कादंबरीच्या नायकाला हे वाक्य कुठेच नव्हतं. आपल्या कथांमधल्या भोळ्या माणसांना आपण निरागस हसू देतो, पाखरांची भाषा देतो, शेवटी एखादं करुण मरणही सढळ हातानं देतो. चूक तेवढी देत नाही. त्यांच्या हातून जे घडतं ते करणारं कुणीतरी दुसरंच असतं, नशीब नाहीतर समाज नाहीतर ढिली वाघर. ज्याला पेलत नाही त्याच्या डोक्यावर ओझं ठेवू नये, हे मलाही मान्य आहे, आणि न कळणाऱ्याला सुळावर चढवणारं जग मला नकोच. पण कळणं आणि न कळणं यांच्यामध्ये एक लांबलचक संधिप्रकाश पसरलेला असतो. दादा जन्मभर तिथं उभा आहे आणि तिथून काय दिसतं हे त्याला आम्ही कधी विचारलं नव्हतं.

दिवस कलताना मी त्याला गुरुजींच्या अंगणात घेऊन गेले आणि तो जे बोलला ते सांगितलं.  गुरुजी त्याच्याकडे वळून म्हणाले, "विठ्ठल, माझा हरभरा मेंढ्यांना का चारला?"

"गोड असतो म्हणून."

"माझा आहे, हे माहीत होतं?"

"हाव."

"मंग बरं न्हाई केलं. आज मेंढ्या आमच्या मोकळ्या वावरात बसव. वाघर तूच लाव."

दादाचा चेहरा उतरला. बोलणी खाल्लेल्या कुठल्याही माणसाचा उतरतो तसाच. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी तोंड फिरवलं. सांजवेळी धुळीच्या सोनेरी पडद्यातून मेंढ्या बांध ओलांडून गेल्या, त्यांच्या मागे तो. आणि वाघर लावून झाल्यावर तिथंच बसून त्यानं भाकरी खाल्ली. माझ्या नायकालाही आता विचारावं लागेल, गंजी का पेटवलीस म्हणून. तो काय सांगेल, मला ठाऊक नाही.

सकाळी वाघर गुंडाळून खांद्यावर घेताना दादा गुरुजींना म्हणाला, "पुन्हा मेंढ्या आल्या तर आधी इचारा, कुणी सोडल्या. मी सोडल्या नसल्या तर मला बोलू नका."

"बराबर आहे," गुरुजी म्हणाले.

धुकं विरत होतं. लहानपणापासून कितीदा तरी दादा म्हणाला असेल, मी न्हाई केलं, आणि आम्ही प्रत्येक वेळी प्रेमानं म्हणालो, असू दे रे, तुला कुठं काय कळतं. त्यातल्या कितीदा त्यानं खरंच केलं नव्हतं, हे आता कुणाला विचारावं?