कुणासाठी आलाव?

बारा ऑगस्ट, सोमवार, सकाळी साडेअकरा. वादातली रक्कम एक लाख पंच्याऐंशी हजार तीनशे रुपये. हजर: जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या बाई, दर्गा कमिटीचे सेक्रेटरी, विहाराच्या महिला मंडळाच्या ताई, भजनी मंडळाचा हिशेबनीस म्हणून मी आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणून आमचे साडू. एवढं नोंदवून ठेवलं की पुढचं सांगायला मी मोकळा. सांगायचं ते असं, की देवाखालोखाल या जगात माणसं जर कुणाला बिनचूक मोजता येत असतील तर ती आमच्या साडूंना, आणि खोटी माणसं दाखवल्याचा ठपका आला तो नेमका त्यांच्यावरच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाळीस वर्षं ते मोंढ्यात मापाडी होते. धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, आणि मग दोन, तीन असा पुढं जातो. निवृत्त झाल्यावर साडूंचं माप सुटलं, पण मोजणी सुटली नाही. ते जिना चढत ते ‘लाभ, दोन, तीन’ असं पुटपुटत. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळे पाहुणे जेवायला बसले तरी हे जिन्यात उभे. म्हणाले, “पाव्हणे, सतरावी पायरी बारीक हाय.” मी टेप आणून मोजली. पाऊण इंच कमी भरली. गवंड्याला मी जे बोललो ते इथं लिहीत नाही, पण त्या पायरीवर आजही माझा पाय अडखळतो आणि साडूंची आठवण होते. माणूस समोर आला की ते आधी त्याचं वजन करत, मग नमस्कार. एका दिवाळीत मला दारातच म्हणाले, “दोन किलो उतरलाव. साखर तपासा.” बायको रागावली, सणासुदीला काय बोलतात म्हणून. पाडव्यानंतर तपासली तर साखर निघाली. तेव्हापासून आमच्या घरी तब्येतीच्या बाबतीत डॉक्टरचा शब्द दुसरा मानतात.

सरकारी दवाखान्यासमोरचं अन्नछत्र ही मुळात त्यांचीच खोडी. भजनी मंडळाची दर गुरुवारची खिचडी उरायची. साडू पातेलं उचलून रस्ता ओलांडायचे आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना वाढायचे. चुडाव्याहून, राणीसावरगावाहून, कुठून कुठून आलेली माणसं. पेशंटला दवाखान्यातून जेवण मिळतं, सोबत्याला कोण देणार? पुढं विहाराच्या ताईंनी रविवार मागून घेतला. ताई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांचं अक्षर इतकं रेखीव की किराणा सामानाची यादीसुद्धा फ्रेम करून लावावी. मग दर्गा कमिटीच्या सेक्रेटरींनी शुक्रवार घेतला. त्यांच्या शुक्रवारच्या आंबट डाळीवर आमचे भजनी लोक इतके लुब्ध झाले की आमच्या गुरुवारी वरणात चिंच पडायला लागली.

अशात सरकारचा कार्यक्रम आला. धार्मिक आणि सामाजिक संस्थांनी जागा आणि माणसं द्यायची, रोज दुपारचं जेवण घालायचं, सरकार ताटामागं पंचवीस रुपये देणार. तिन्ही संस्थांनी मिळून अर्ज केला. करार चौदा पानांचा होता. साडू डाळीतले खडे निवडत बसले आणि मी तो मोठ्यानं वाचला. ‘सेवा पुरवठादार’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, तुम्ही. एक खडा बाजूला टाकून ते म्हणाले, “बरं. पुढं वाचा.” सही करायला मात्र त्यांना दहा मिनिटं लागली. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेताना जसा श्वास ओढून घेत तसा ओढला आणि सही केली.

पहिली एप्रिल ते तीस जून. ताटं सात हजार चारशे बारा. एका ताटाचीही चूक नाही, कारण पळी साडूंच्या हातात होती. वाढताना ते आकडा म्हणत, ताई दारात बसून नोंदवहीत उतरून घेत. समोरच्याकडं एक नजर टाकून भाकरीही तेच ठरवत. ‘तीन’ म्हणून पुढं सरकवत, आणि लाजून दोन मागणारा माणूस तिसरी मुकाट्यानं खात असे. मला ते कधीमधी म्हणत, “तुमी अडीच भाकरीचं माणूस हाव. पन तुमी हितं कधी जेवलाच न्हाईत.” मी म्हणे, माझा पेशंट नाही, मी कशाला सरकारी ताट खाऊ? ऑफिस सुटल्यावर येऊन वहीतल्या बेरजा तपासायच्या, एवढंच माझं काम. बेरजा तंतोतंत असत. नावं मी वाचली नाहीत. हे मी कबूल करतो, कारण सगळा घोळ तिथंच होता.

वाढताना साडूंचा एक रिवाज होता आणि तो ओट्यावरच्या खिचडीपासूनचा. ते जेवणाऱ्याला कधीच त्याचं नाव विचारत नसत. ‘कुणासाठी आलाव?’ एवढंच विचारत. माणूस आत असलेल्या आपल्या माणसाचं नाव सांगे. ती नावं कागदावर उतरत. संध्याकाळी आरतीनंतर आमच्या देवळात वाचली जात, तोच कागद ताई वंदनेला नेत आणि नंतर सेक्रेटरी दुव्यासाठी मागून घेत. दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटसाठी रोज तीन दारांत मागणं होई आणि त्याला पत्ताही नसे. सरकारी नोंदवही आली, तिच्यात ‘लाभार्थ्याचे नाव’ असा रकाना होता. साडूंनी रिवाज बदलला नाही, ताईंनी ऐकलं ते सुरेख अक्षरात लिहिलं, आणि मी खाली बेरीज मारली.

बिल गेलं. जुलैचा अख्खा महिना उत्तर नाही. किराणावाल्यानं उधारी थांबवली, ताईंनी गॅससाठी आपल्या पेन्शनमधून भर घातली. मग बारा ऑगस्टला तपासणीच्या बाई आल्या. तिशीच्या आतल्या, शांत, हातात दवाखान्याच्या नोंदींची प्रत. त्यांनी आमची वही त्या प्रतीशी लावली आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. आमच्या वहीप्रमाणे आठ दिवसांच्या एका बाळानं सलग चार दिवस दोन-दोन भाकरी आणि वरण खाल्लं होतं. पोटाच्या ऑपरेशनचा एक माणूस, ज्याला पाण्याचा थेंब बंद होता, तो आमच्याकडं दुसऱ्यांदा भात घेऊन गेला होता. आणि एक म्हातारी मंगळवारी वारली होती आणि बुधवारी जेवली होती. सेक्रेटरी कपाळाला हात लावून खाली बसले. बाई मला म्हणाल्या, “काका, हे सगळे बोगस लाभार्थी ठरतात. बिल तर रद्द होईलच, केंद्रही बंद करावं लागेल. कदाचित पोलिसांत द्यावं लागेल.” मी तेहतीस वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही. मी बेरजा बरोबर आहेत एवढंच म्हणत राहिलो.

साडू आत भाजीला फोडणी देत होते. बोलावल्यावर पंच्याला हात पुसत आले, बाईंकडं बघून सवयीनं ‘अठ्ठेचाळीस किलो’ असं पुटपुटले, आणि मी त्यांना आरोप समजावून सांगितला. त्यांना राग आला नाही. उलट आरोप सोपा आहे याचा त्यांना दिलासा वाटलेला दिसला.

“बाई,” ते म्हणाले, “भुकेल्या मानसाला त्याचं नाव इचारलं की ते मान खाली घालतंय. फुकटचं खायलाय म्हनून त्याला वाटतंय. त्याच्या मानसाचं इचारलं की मान वर करून सांगतंय. म्हनून आमी त्येच लिवलं. तुमाला कोन जेवलं ते पायजे का किती जेवले ते?”

बाई म्हणाल्या, दोन्ही पाहिजे. साडू म्हणाले, किती ते आज मोजून बघा, कोण ते मी तोंडानं सांगतो. जेवणाची वेळ झालीच होती. बाई दारात उभ्या राहिल्या आणि आत येणारी माणसं टिपायला लागल्या. आत साडूंची पळी आणि त्यांचा सूर: लाभ, दोन, तीन. दीड तासानं पंगत उठली. बाईंचा आकडा शहाऐंशी. साडूंचा सत्त्याऐंशी. मी डोळे मिटले. साडूंनी कोपऱ्यातलं झाकलेलं एक ताट पुढं सरकवलं. “ह्ये सत्त्याऐंशीवं. तुमचं. सकाळपासून उपाशी हाव तुमी, दोन भाकरी.” तपासणीच्या ठिकाणी आपल्याला काही खाता येत नाही, असं बाईंनी सांगितलं. साडू म्हणाले, मग राहू द्या, पण मोजलेलं ताट मी कमी करणार नाही. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं, आणि मला तेवढ्यावर जरा धीर आला.

त्यानंतर अडीच तास बाई एकेक नाव घेत गेल्या आणि साडू सांगत गेले. बाळाचा तो बाप, मजूर माणूस, पहिली मुलगी झाली म्हणून रोज आम्हाला गूळ द्यायचा. ऑपरेशनवाल्याचा भाऊ, आठव्या दिवशी भात खाताना रडला, कारण त्या दिवशी भावाला पाणी सुरू झालं. सात हजारांतले बहुतेक त्यांना तोंडपाठ होते, कुणी नावानं नव्हे, भाकरीनं. बाईंनी मधूनच दवाखान्यात फोन लावून तीन-चार पडताळून घेतले. तिन्ही-चारही खरे निघाले. शेवटी त्यांनी शेरा लिहिला. रकान्याचं नाव बदलावं, ‘रुग्णाचे नाव व सोबत्यांची संख्या’ असं करावं. बिल मंजूर. फक्त एक्केचाळीस ताटं नामंजूर, कारण ती रुग्ण दगावल्यानंतर किंवा घरी गेल्यानंतरची होती. नियमात सोबती म्हणजे दाखल असलेल्या रुग्णाचा सोबती. रक्कम एक हजार पंचवीस.

मला ही रक्कम फारच किरकोळ वाटली आणि मी लगेच मान्य म्हणालो. साडू मात्र एक्केचाळिसांची यादी वाचून घ्या म्हणाले. मी वाचली. त्यात मंगळवारी वारलेली ती म्हातारीही होती. साडू म्हणाले, “तिची लेक तीन दिस नुसत्या च्यावर होती. आई हाय तवर तिला भूक कळली न्हाई. आई गेली, तवा येऊन बसली. तीन भाकरी खाल्ल्या. नियम तुमचा बरोबर हाय बाई, पैसे नका देऊ. पन त्या दिसाचं ताट बंद करा म्हनू नका.” बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, वाढायला मी नाही म्हणत नाही, काका, फक्त बिलात धरू नका.

एक हजार पंचवीस तीन संस्थांत वाटायचे ठरले. भागाकार सुटेना. सेक्रेटरी म्हणाले, “हिशेबनीस साब, तीनशे बेचाळीस हमारे लिवा. पैशासाठी कुठं तीन घरं भांडायची.” ताईंनीही तीनशे बेचाळीस घेतले. आमच्या मंडळाचे तीनशे एक्केचाळीस, त्या एका रुपयाचा मला अजून संकोच वाटतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उरलेले एक लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे पंचाहत्तर खात्यावर जमा झाले.

छत्र अजून चालू आहे. पळी आता ताईंच्या हातात असते. मागच्या माघात साडूंना धाप लागली आणि त्यांना समोरच्याच दवाखान्यात दाखल केलं. खाटेवर पडल्या-पडल्या त्यांनी सलाइनचे थेंब मोजले आणि नर्सबाईंना वेग जास्त आहे असं सांगितलं. वेग खरंच जास्त होता. मी आणि मेहुणी बाहेर बाकावर बसून असू. मेहुणीनं दोन दिवस ताईंकडून डबा घेतला, मी चहावर होतो. समोर रोज पंगत दिसत असे, पण आपलंच छत्र, आपणच हिशेबनीस, कसं जाऊन बसायचं?

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, पहाटे साडू गेले. कागदपत्रं होऊन ताब्यात मिळायला दुपार होणार होती. साडेबाराला मी उठलो, रस्ता ओलांडला आणि पंगतीत जाऊन बसलो. ताईंनी मला पाहिलं, पण त्या काही वेगळं बोलल्या नाहीत. रिवाजाप्रमाणे विचारलं, “कुणासाठी आलाव?” मी साडूंचं संपूर्ण नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि मान खाली गेली नाही. ताईंनी ताटात भाकरी ठेवल्या. मी अडीच खाल्ल्या.

नियमाप्रमाणे ते ताट बिलात बसत नव्हतं. हात धुऊन मी खिशातून पंचवीस रुपये काढले, अन्नछत्राच्या नावानं भरले, आणि माझी पावती मीच फाडली. ताईंनी वही माझ्याकडं सरकवली. रुग्णाच्या रकान्यात साडूंचं नाव लिहिलं, आणि सोबत्यांच्या संख्येत ‘एक’ न लिहिता ‘लाभ’ लिहिलं.