शेवटची तीन पानं

सुदाम गेला हे मला बसमध्ये कळलं, तेही कुणी मला सांगितलं म्हणून नव्हे. सातपूरच्या बसमध्ये पुढच्या बाकावर दुसऱ्या पाळीला निघालेले दोन कामगार बसले होते, मांडीवर डबे घेऊन. एक म्हणाला, “टूलरूमचा गांगुर्डे गेला रे.” दुसरा म्हणाला, “कोण, तो पुस्तकवाला?” “तोच. काल मशीनवरच. छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो उठलाच नाय.” एवढंच बोलून ते दोघं कँटीनच्या जेवणाकडे वळले. मी माझा थांबा कधी मागे पडला ते पाहिलंच नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला, “उतरा की, काका,” तेव्हा उतरलो, आणि रस्त्याच्या कडेला बराच वेळ नुसता उभा राहिलो. माझा सर्वांत जवळचा मित्र गेला होता, आणि त्याच्या घरी जायला माझे पाय तयार नव्हते. त्याला कारण होतं... ते कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. आमच्या मंडळींनी मला ‘सुदामच्या चार गोड आठवणी’ लिहायला सांगितलं होतं. त्यांची मी आधीच माफी मागतो.

आमची मंडळी म्हणजे गंगापूर रोडवरच्या वत्सलाताईंच्या पुस्तकांच्या दुकानात दर शनिवारी संध्याकाळी जमणारी पंचवीस-तीस माणसं. दुकान कसलं, एक लांबट खोली. शनिवारी पाच वाजले की मधलं टेबल उचलून बाहेर ठेवायचं, सतरंजी अंथरायची, कोपऱ्यावरच्या टपरीतून किटलीभर चहा आणायचा. सुरुवातीला ताई लेखकांना बोलवायच्या आणि लेखक आपलं पुस्तक वाचून दाखवायचे, जगात सगळीकडे असतं तसंच. पण एकदा एका सन्माननीय कादंबरीकारांनी दीड तास एका सुरात वाचलं. अर्धी सभा पेंगली, एक गृहस्थ तर भिंतीला टेकून घोरायला लागले. त्या दिवशी ताईंनी नियम केला : इथून पुढे लेखकाने वाचायचं नाही. वाचकाने वाचायचं, लेखकाने ऐकायचं. कुठली पानं वाचायची ते वाचकाने ठरवायचं, लेखकाने आधी विचारायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं काढायची एक लाकडी घडवंची होती, तिच्यावर लेखकाला बसवायचं, आणि सगळं झाल्यावर त्याने दोन शब्द बोलायचे. काही लेखक रुसले, एक-दोघे पुन्हा आलेच नाहीत. ताई म्हणायच्या, “आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नसेल, तर लिहू नये.” बाईंची जीभ कात्रीसारखी होती, पण बोलणं खोटं नव्हतं.

सुदाम आला तो आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात. सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारी, त्यामुळे त्याला वेळ असायचा. तो टर्नर होता. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, तरी नखांच्या कडांना तेलाची काळी रेघ राहायचीच. पहिले तीन शनिवार दाराशीच बसला. चौथ्या शनिवारी वाचणारे प्राध्यापक आले नाहीत, तेव्हा ताईंनी इकडेतिकडे पाहून पुस्तक सरळ त्याच्या हातात दिलं. तो वाचायला लागला आणि पाचव्या मिनिटाला किटलीवाल्यानेसुद्धा किटली खाली ठेवली. आवाज मोठा नव्हता. पण वाक्य कुठे संपतं आणि माणूस कुठे थांबतो, हे त्याला कळायचं. त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेलो, आणि मग ती सवयच झाली. तो मला चेष्टेने ‘साहेब’ म्हणायचा. मी सरकारी कचेरीत साहेबांसाठी चहा मागवणारा कारकून, हे ठाऊक असूनसुद्धा, किंवा ठाऊक असल्यामुळेच.

आमच्यात एक गुरुजी यायचे. खेड्यापाड्यांतल्या शाळांत नोकरी करून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, हातात काठी, पिशवीत स्वतःच्या परसातले पेरू. ते माझ्या शेजारीच राहायचे, रोज सकाळी आम्ही दूध आणायला बरोबर जायचो. सुदाम निफाडकडच्या त्यांच्याच शाळेत शिकला होता. सुदामला दुकानात पाहून त्यांना इतका आनंद झाला की नवीन माणूस आला की ते हटकून सांगायचे, “हा माझा विद्यार्थी बरं का. याला पहिलं पुस्तक मी दिलं.” सुदाम मान खाली घालून हसायचा. आम्हाला वाटायचं, लाजतो आहे.

मग सुदामचं पुस्तक आलं. रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात छापलेलं, ऐंशी-नव्वद पानांचं. गाव, शाळा, कारखाना, आणि सगळीकडून आई. ताईंनी वाचनाचा दिवस ठरवला आणि वाचक म्हणून मला नेमलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी सुदाम माझ्या कचेरीत आला. कधी न येणारा माणूस. टेबलाजवळ उभा राहून म्हणाला, “साहेब, नियम मोडतोय. बाकी कुठलं बी वाच, पण शेवटची तीन पानं वाच. आई येतीय गावाहून.” मी म्हटलं, अरे, घरी तू स्वतःच वाचून दाखव की. तो म्हणाला, “तिच्यापुढं तिचंच कसं वाचू? माझ्या तोंडून नाय ऐकायचं तिनं. चार लोकांत ऐकायचं. तिला अक्षर येत नाय, लय वर्षं वाट बघितली मी.” मी हो म्हटलं. हातावर हात मारून हो म्हटलं.

त्याआधीच्या रविवारीच मी पुस्तक पुरं वाचलेलं होतं, म्हणून त्या तीन पानांत काय आहे ते मला ठाऊक होतं. सुदामची आई, भागाबाई, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येऊन शाळेची जमीन दर आठवड्याला सारवून द्यायची. चौथीला सुदाम पहिला आला. बक्षीस समारंभाला गावातले मोठे लोक आले, आणि गुरुजींनी दुसऱ्या नंबरच्या मुलाला पहिलं म्हणून पुढे बोलावलं. सुदामचं नाव घेतलंच नाही. दुसऱ्या दिवशी भागाबाई सारवायला गेली, तेव्हा गुरुजींनी त्याचं बक्षीस, पतंगाच्या कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, “हे तुझ्या पोराचं. गावात दाखवत फिरू नको.” तिचे हात शेणाने भरलेले. तिने सगळी शाळा सारवून काढली, विहिरीवर जाऊन हात तीनदा धुतले, आणि मग ते पुस्तक पदरात घेऊन घरी आली, तान्हं मूल घेतात तसं. हे होतं त्याचं पहिलं पुस्तक. गुरुजींचं नाव त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. एक कडवट शब्द नव्हता. सगळा भर तिच्या त्या हात धुण्यावर होता.

शनिवारी दुकान भरलं. भागाबाई हिरवं लुगडं नेसून पुढेच बसल्या होत्या, पाय दुमडून, अगदी ताठ. सुदाम घडवंचीवर. आणि खिडकीजवळच्या एकुलत्या एक खुर्चीत गुरुजी, मांडीवर पेरूंची पिशवी. भागाबाईंनी त्यांना ओळखून हात जोडले, त्यांनीही मान हलवली. मी कारखान्याचं प्रकरण वाचलं, लोक हसले. गावाच्या जत्रेचं वाचलं. मग शेवटच्या प्रकरणाशी आलो. पहिला परिच्छेद वाचला, “त्या वर्षी मी चौथीत पहिला आलो,” आणि वर पाहिलं. गुरुजी खुर्चीत पुढे सरकले होते. चेहरा नुसता फुलला होता. आता आपलं नाव येणार, अशा आशेने म्हातारा माझ्याकडे पाहत होता... मी पान उलटलं. पुढचं वाक्य डोळ्यांना दिसत होतं. मनात आलं, सकाळी दूध आणताना यांच्याशी काय बोलू? या वयात, भरल्या सभेत... मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, “इथे थांबतो.”

टाळ्या पडल्या. गुरुजी काठी टेकत उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, “मंडळी, याला पहिलं पुस्तक मी दिलं!” पुन्हा टाळ्या. म्हणजे मी नुसतं गाळलं नाही. जिथे थांबलो, तिथे थांबून मी गुरुजींचं म्हणणं खरं करून दिलं, आणि तेही सुदामच्या पुस्तकातून, त्याच्या आईसमोर. तिच्याबद्दलचं मात्र एक अक्षर मी उच्चारलं नव्हतं. नियमाप्रमाणे सुदाम शेवटी बोलायला उभा राहिला. सगळ्यांकडे बघून म्हणाला, “आभारी आहे.” बसला. माणसं पांगू लागली तेव्हा भागाबाई त्याला विचारत होत्या, “झालं? मी कुठं आली त्याच्यात?” तो म्हणाला, “आली की, आई. तुला समजलं नाय.” ते मी दोन हातांवरून ऐकलं आणि चहाचे कप गोळा करायला लागलो.

पुढच्या शनिवारी बसथांब्यावर मी विषय काढला. तो म्हणाला, “राहू दे, साहेब. गुरुजी तुझे शेजारी, मला ठाऊक होतं. तरी तुलाच सांगितलं. चूक माझी.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं! तो पुढची सात-आठ वर्षं माझ्याशी तसाच वागला. माझ्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या, माझ्या आजारपणात रात्रपाळी करून डबा घेऊन आला. दुकानातही येत राहिला, दुसऱ्यांची पुस्तकं वाचत राहिला, आणि वाचताना कधी एक ओळ गाळली नाही. एका लेखकाने स्वतःच्या बापाविषयी फार वाईट लिहिलं होतं. त्याचे भाऊ समोर बसलेले असताना सुदामने ते सगळं वाचलं, शांतपणे, शेवटपर्यंत. मी मान वर करून बघू शकलो नाही. गुरुजी गेले तेव्हा त्याने खांदा दिला. मात्र त्याने पुन्हा लिहिलं नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या दोन वह्या भरल्याचं त्यानेच मला त्या वाचनाच्या आधी सांगितलं होतं. त्याबद्दल विचारलं की म्हणायचा, “आता वाचतोय ते काय वाईट हाय?” ताईंना वाटायचं, पाळ्यांमुळे वेळ होत नसेल. मीही मान डोलवायचो. आता लिहून टाकतो, ताई : पाळ्यांमुळे नव्हतं.

बौद्ध रिवाजाप्रमाणे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा मी गर्दीत मागे उभा राहून परत आलो. घरात गेलो तो त्यानंतरच्या शनिवारी, दुपारी. सातपूरच्या कॉलनीतली त्याची दोन खोल्यांची जागा. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. भागाबाई खाटेवर बसल्या होत्या, खूपच वाळल्या होत्या. पोटचा पोर आधी गेला की आईचं काय होतं, ते लिहिण्याची माझी ताकद नाही. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “तू तोच ना रे, दुकानात वाचणारा?” मी हो म्हटलं. “लय चांगलं वाचलं व्हतं तू. पन माझ्या पोराचं तोंड त्या दिशी उतरलं ते उतरलंच. मला वाटलं, त्याला कुनी काही बोललं.”

मग मी सांगितलं. सगळं, गुरुवारपासून. सांगून झाल्यावर त्यांनी उशाखाली हात घातला आणि फडक्यात बांधलेलं त्याचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. “घरात कुनी वाचून दाखिवलं नाय?” मी चुकून त्यांच्याच बोलीत विचारलं. “नातू वाचाया बसला, तर त्याचा बाप म्हने, राहू दे, त्यात काय नाय.” मी फडकं सोडलं. शेवटची तीन पानं काढली आणि वाचायला सुरुवात केली. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, “वट्यावर नाय, पायरीवर ठिवलं व्हतं. पन त्याला कसं ठाव असनार, तो कुठं व्हता.” हात तीनदा धुतल्याचं आलं तेव्हा त्यांनी स्वतःचे हात पदरात घेतले. त्या पुस्तक पदरात घेऊन घरी आल्या, तिथपर्यंत मी वाचत गेलो आणि थांबलो.

“आन् पुढं?”

“पुढं नाही, मावशी. पुढं त्यानं लिहिलंच नाही. माझ्यामुळं.”

मी उठायच्या बेतात होतो.

“मग हेच पुन्यांदा वाच,” त्या म्हणाल्या. “सावकाश वाच.”