बातमीवाल्या बाई

"काय गो, बातमी काय?"

सकाळी शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं की हे कानावर यायचं. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात खडू आणि पाठ आपल्याकडे. चपलांच्या आवाजावरून बाईंना कोण आलंय ते कळायचं. मी म्हणायचे, "काही नाही हो बाई, सगळं नेहमीचंच." मग त्या वळून माझ्याकडे अशा बघायच्या, की मीच घरी काहीतरी विसरून आले असं मला वाटायचं.

त्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. शाळा नायगावात, चाळींच्या पाठीमागे, पहिली ते दहावी. फाटकाला लागून भिंतीवर एक मोठा फळा आणि रस्त्यापलीकडे बसस्टॉप. फळ्यावर पूर्वी सुट्ट्या आणि परीक्षांच्या तारखा तेवढ्या लिहिल्या जायच्या. अक्षर चांगलं म्हणून ते काम बाईंच्या गळ्यात पडलं. तुमच्यापैकी कोणी शिक्षक असेल तर त्याला ठाऊकच असेल, शाळेत अक्षर चांगलं असणं ही एक शिक्षाच असते. बाईंनी मात्र ती शिक्षा मनावर घेतली आणि फळ्यावर बातम्या लिहायला सुरुवात केली.

आता आमच्या शाळेत बातम्या त्या कसल्या? पलीकडच्या इंग्रजी शाळेच्या गेटवर निकालानंतर हा मोठा फ्लेक्स लागायचा, त्यावर टाय लावलेली मुलं आणि त्यांचे टक्के. आमच्याकडे फ्लेक्सला पैसेही नव्हते आणि तेवढे टक्केही नव्हते. बाईंच्या फळ्यावर यायचं ते असं: 'इयत्ता पहिलीतील कु. सान्वी हिचा आज पुढचा दात पडला. दात सुखरूप आहे.' किंवा, 'इयत्ता चौथीतील कु. रोशनी हिला आजपासून ळ म्हणता येतो.' रोशनीच्या घरी हिंदी. ती वर्षभर 'कमल, बाल, शाला' करत होती. त्या दिवशी मधल्या सुट्टीत येणारा जाणारा तिला थांबवून 'कमळ म्हण' म्हणायचा, आणि ती जीभ वळवून इतक्या अभिमानाने म्हणायची, की अखेर पाणी पिऊन ये म्हणून तिला घालवावं लागलं.

मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हतं. "बाई, स्कॉलरशिप, क्रीडास्पर्धा असं काही लिहा. दात काय?"

"सर, स्कॉलरशिप मिळाली की लिहीन. तोवर दात."

त्यांचे नियम दोनच. बातमी चांगली पाहिजे आणि बातमी खरी पाहिजे. मुलं फार बिलंदर. नाव लागावं म्हणून वाट्टेल ते सांगायची. एकाने येऊन सांगितलं, मी काल कारल्याची भाजी खाल्ली. बाईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या डब्यात कारलं आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्याने डोळे मिटून दोन फोडी गिळल्या. मग बातमी लागली, पण 'दोन फोडी' असंच लिहून.

त्या लिहीत असताना आजूबाजूचं सगळं जरा हळू चालायचं, असं मला वाटतं. कोवळं ऊन भिंतीवरून खाली उतरत असायचं. ओल्या फळ्याचा वास, वाळत जाणारे पाण्याचे ओघळ, त्यातून हळूहळू वर येणारी पांढरी अक्षरं. बाई दोन शब्द लिहायच्या आणि मागे सरून नुसत्या उभ्या राहायच्या, आतून कोणी पुढचा शब्द सांगेल म्हणून थांबल्यासारख्या. स्टॉपवर बस थांबली की खिडक्यांतली तोंडं फळ्याकडे वळायची. एकदा एक कंडक्टर पायरीवर उभा राहून ओरडला होता, "बातमीवाल्या बाई, त्या दाताचं पुढे काय झालं?" बाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "नवीन येतोय." बस हसत हसत पुढे गेली.

त्यांची एक सवय होती. त्या फळा कधी पूर्ण पुसायच्या नाहीत. बातमी कोणाची ना कोणाची असणारच, म्हणून सुरुवातीचं 'इयत्ता' आणि पुढचं 'कु.' तसंच ठेवायचं आणि फडक्याच्या टोकाने नाव आणि बातमी तेवढी पुसायची. मुलगा असो की मुलगी, कु. दोघांनाही चालतो. "रोज नव्याने कशाला लिहायचं? कु. काय बदलत नाही," असं त्या म्हणायच्या.

या सवयीने एकदा घात केला. शाळेचे जुने शिपाई वारले. मुख्याध्यापकांनी स्वतः उभं राहून फळ्यावर लिहून घेतलं, 'कै.' आणि पुढे त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी बाईंनी सवयीप्रमाणे नाव पुसलं आणि सहावीतल्या मुलीचं नाव घातलं. प्रार्थनेच्या आधीच तिची आजी फाटकात हजर. तोंडात मालवणी आणि हातात भाजीची पिशवी.

"बाईनू, माझ्या जित्या नातीक कैलासाक धाडलात?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. 'कै. श्रावणी हिने चित्रकला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला.' त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. त्यांनी पटकन पुसलं नाही, सारवासारवही केली नाही. आजींसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक झाली. माझीच." आजींना भांडायला काही उरलंच नाही. त्या थोडा वेळ धुमसल्या, मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "जांव दे. असा झाला की आयुष्य वाढता म्हणतत." जाता जाता फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "दुसरो नंबर खरो मां?"

त्या दिवसापासून बाई रोज सगळा फळा पुसू लागल्या. नंतर कितीतरी दिवस वेळ मिळेल तेव्हा सहावीच्या दारात डोकवायच्या आणि श्रावणी बाकावर दिसली की न बोलता परत फिरायच्या. आम्ही स्टाफरूममध्ये यावरून त्यांची खूप थट्टा केली. त्या हसायच्या, पण डोकवायच्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता, ते त्यांनी मला फार आधीच सांगितलं होतं. आजूबाजूच्या चाळी एकेक करून पाडायला घेतल्या होत्या. माणसं भाड्याच्या घरांत कुठे कुठे पांगली. जी राहिली त्यांची मुलं पिवळ्या बसमधून आमच्या फाटकासमोरून दुसऱ्या शाळांत जायची. दरवर्षी जून आला की पहिलीचा वर्ग भरेल का, याची धाकधूक. "समोर स्टॉपवर एखादी आई मूल कडेवर घेऊन उभी असते," बाई म्हणायच्या. "बस काय लवकर येत नाही. ती वाचणार. वाचून तिला वाटलं पाहिजे, इथे पोरांकडे कोणीतरी बघतं." त्यांच्या निवृत्तीचा जून जवळ आला तेव्हा तर त्यांनी ध्यासच घेतला. "पहिली भरलेली बघू दे गो मला. मग मी सुखाने घरी बसते."

त्या मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले. उरलेल्या चाळी, पोलीस वसाहत, शीवकडच्या गल्ल्या. घाम पुसायचा, बेल वाजवायची आणि विचारायचं, घरात लहान मूल आहे का. कोणी पाणी द्यायचं, कोणी दारातूनच हात जोडायचं. बाई जिने चढताना दम खायला थांबायच्या आणि तेवढ्यात भिंतीवर कोणी पेन्सिलने काढलेलं चित्र दिसलं तर म्हणायच्या, "हात बघ किती मोकळा आहे. या घरात मूल आहे."

अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एका तरुण बाईने दार उघडलं आणि ती बघतच राहिली. "बाई, मी वैशाली. तुमच्या शाळेतली." तिने आम्हाला बसवलं, सरबत केलं. तिची मुलगी पाच-सहा वर्षांची, जमिनीवर बसून कागदावर काहीतरी गिरवत होती. बाईंनी लगेच मान वाकडी करून कागदात डोकं घातलं.

"माझी बातमी लागली होती फळ्यावर," वैशाली म्हणाली. "इयत्ता पाचवीतील कु. वैशाली हिने आज वर्गात पहिल्यांदा हात वर केला. आमच्या पप्पांनी खाली उभं राहून अख्ख्या चाळीला सांगितलं होतं."

"उत्तर बरोबर आलेलं का गो?" बाईंनी विचारलं.

"चुकलेलं. पण तुम्ही ते लिहिलं नव्हतं."

आम्ही तिघी हसलो. मग वैशाली सरबताचा ग्लास उगाच पुसत राहिली. "बाई, हिला इंग्लिश मीडियमला टाकलंय. ॲडमिशन झालं. मला ऑफिसात इंग्लिशवरून इतकं ऐकून घ्यावं लागतं ना. हिचं तसं नको व्हायला."

मला वाटलं, आता बाई काहीतरी समजावतील. मातृभाषा वगैरे मुद्दे मी मनात तयारच ठेवले होते. बाईंनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "बरं केलंस. तुला जे वाटलं ते तू केलंस. हिला चित्र काढू दे मात्र."

जिना उतरताना मी चिडले होते. म्हटलं, "बाई, तुम्ही बोललात का नाही काही?" त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. "काय बोलू? पोरगी हात वर करायला शिकली. आता करते आहे."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीच्या वर्गात बाईंनी स्वतः रांगोळी काढली होती, दाराला झेंडूचं तोरण बांधलं होतं आणि वर्गातल्या फळ्यावर हत्ती, मोर, होडी. घंटा झाली. दुसरीची मुलं ओरडत वर्गात गेली, तिसरीची गेली, सगळे वर्ग भरले. पहिलीच्या दारात बाई उभ्या होत्या. मुख्याध्यापक दोनदा येऊन गेले. मग तेही यायचे थांबले. पहिलीत कोणीच आलं नाही.

त्या फाटकाशी गेल्या आणि फळा पुसला. मी शेजारी होते. चांगली आणि खरी, अशी बातमी त्या दिवशी कुठून आणणार होत्या त्या? फळा वाळला तरी हात वर जाईना. अखेर त्यांनी लिहिलं. वर बारीक अक्षरात 'इयत्ता दुसरी' आणि खाली मोठ्या अक्षरात 'आज सर्व हजर'.

मग आम्ही समोर चहा प्यायला गेलो. स्टॉपवर एक जोडपं उभं होतं, त्यांच्याबरोबर एक लहानगी. नवरा फळ्याकडे बघून बायकोला म्हणाला, "बघ, सगळे हजर म्हणे. ही शाळा चालते अजून. जाऊन विचारायचं का?" मी बाईंकडे पाहिलं. त्या डोळे बारीक करून आपलाच फळा वाचत होत्या.

"इथून 'दुसरी' दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, असू द्या. तुम्ही खोटं काहीच लिहिलेलं नाही."

"दिसत नाही ना पण."

चहाचा ग्लास तसाच ठेवून त्या रस्ता ओलांडून गेल्या. फडकं ओलं करून त्यांनी वरची ओळ पुसली आणि टाचा उंचावून, हात पुरेल तेवढा वर नेऊन नव्याने लिहिली. 'दुसरी' हा शब्द इतका मोठा, की रस्त्यापलीकडून चष्म्याशिवाय वाचता यावा. नवऱ्याने तो वाचला. "अरे, दुसरीपासूनच आहे. पहिली नाहीच वाटतं," तो म्हणाला. तेवढ्यात त्यांची बस आली आणि ती लहानगी खिडकीतून फळ्याकडे बघत गेली. मला बाईंचा राग आला होता, आणि त्याच वेळी जाऊन त्यांचे पाय धरावेत असंही वाटत होतं.

जूनअखेर बाई निवृत्त झाल्या आणि कणकवलीजवळ भावाकडे राहायला गेल्या. फळा माझ्याकडे आला. माझं अक्षर बरं आहे, इतकंच. यंदा शाळा उघडली तेव्हाही पहिलीत कोणी आलं नाही. आणि गेल्या वर्षी पहिली भरलीच नव्हती, म्हणून यंदा दुसरीचा वर्गही रिकामा होता. मी फळा पुसला, वाळू दिला आणि टाचा उंचावून, समोरच्या स्टॉपवरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं: 'इयत्ता तिसरी. आज सर्व हजर.'