गढूळ बिअर आणि तुरटीचा खडा

नातीच्या पहिल्यावहिल्या बिअरमध्ये मी तुरटी फिरवली. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

हो, बिअरच. विहारातल्या बायांनो, दचकू नका. शोभाबाई, तुम्हाला मी फोनवर सांगितलं होतं की मैत्री ज्यूसच्या कंपनीत लागली. ती ज्यूसची कंपनी नाही. तिथे बिअर तयार होते, आणि ती तयार करणाऱ्यांत आमच्या मिलिंदची लेक, माझी एकुलती नात आहे. संत्र्याचा वास येतो म्हणाले होते, तेवढं मात्र खरं होतं.

अमरावती सोडली त्या संध्याकाळी तुम्ही सगळ्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर आला होता. यांना जाऊन वर्ष झालं होतं आणि मिलिंदने पुण्याहून हट्टच धरला होता. तुमच्या डोळ्यांत पाणी, आणि मी मात्र ऐटीत, जणू कलेक्टर होऊन चालले आहे. पासष्ट वर्षांची ती पोरगी आठवली की मला आता हसू येतं. सामानात काय घेतलं होतं तिने? पाच किलो तुरीची डाळ, जवसाची चटणी, तुरटीचा मुठीएवढा खडा आणि वरवंटा. पाटा नाही, नुसता वरवंटा. पाटा पुण्यात कुठेही मिळेल, वरवंटा आपल्या हाताचाच पाहिजे, असं तिचं गणित होतं. तीन वर्षं झाली, तो वरवंटा बाल्कनीचं दार अडवायच्या कामी येतो.

अकोला आलं तेव्हा काचेला नाक लावून पाहत होते. लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं तिथेच गेली, भाड्याच्या दोन खोल्यांत. पावसाळ्यात पाणी यायचं ते चहाच्या रंगाचं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात खडा हातात दिला आणि म्हणाल्या, "गढूळ दिसलं का फिरव. इचारत नको बसू." त्यांचं एवढं एकच वाक्य मी आयुष्यभर तंतोतंत पाळलं, आणि नेमकं तेच मला भोवलं.

दुसरं वाक्य माझ्या बाबांचं. तिवशाजवळच्या आमच्या गावात त्यांनी दारूपायी बुडालेली घरं पाहिली होती. माझ्या भावांना समोर बसवून ते सांगायचे, "दारूले हात लावला तं माह्या दारात पाय नका ठेवू." मी तेव्हा नऊ वर्षांची, कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुलेही सांगून राहिलो." तेव्हापासून रोज सकाळी पंचशील म्हणताना दारू वर्ज्य करणाऱ्या पाचव्या शीलापाशी माझा आवाज आपोआप एक पट्टी वर चढतो.

आता अशा बाईची नात बिअर करते म्हटल्यावर काय व्हायचं? आठ दिवस मी मैत्रीशी बोलले नाही. नवव्या दिवशी ती माझ्यासाठी गरम भाकरी घेऊन आली, मग बोलले. आणि दहाव्या दिवशी शोभाबाईंना फोन करून ज्यूसची कंपनी काढली.

तुरटीची गोष्ट पुण्यातल्या पहिल्या वर्षातली. एका दुपारी मैत्रीने कामावरून एक बाटली आणली, काचेच्या जगमध्ये ओतली आणि डोकं धुवायला गेली. मी सहज डोकावले. जगमध्ये पिवळट, दाट, गढूळ काहीतरी. पलीकडे धरलेलं बोट दिसेना. मला एवढंच माहीत होतं की उद्या तिचा मालक तिचं काम तपासणार आहे. पोरीचं सगळं नासलं, आणि तिला पत्ताच नाही!

मी खडा काढला आणि फिरवला. उजवीकडून तीन वेढे, डावीकडून तीन. दुसऱ्याच वेढ्याला फेस वर आला. जगमधून ओट्यावर, ओट्यावरून चमच्यांच्या उघड्या खणात. मी पदराने तोंड दाबल्यासारखा जग दाबला, तर पदरही भिजला.

मैत्री डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

"आजी! काय केलंस?"

"साफ करून राहिली. गढूळ झाली होती तुही दारू."

"ती गढूळच असते! मुद्दाम तशी केलीये."

"मुद्दाम? कावून?"

ती खाली फरशीवरच बसली. आधी हसली, मग रडली, मग नाक पुसत तिने मला समजावलं. अशा बिअरला हेझी म्हणतात. तिच्यात जवाबरोबर गहू आणि ओट्स जातात, आणि शेवटी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं भिजत घालतात. त्यानेच ती धूसर होते, आणि त्यानेच तिला वास येतो. ही पाककृती पहिल्यांदाच पूर्ण तिची होती. उद्या मालकाला पटली तर शुक्रवारी तिच्या नावाने गिऱ्हाइकांसाठी नळावर लागणार, नाही पटली तर अख्खी टाकी गटारात आणि ती परत दुसऱ्यांच्या बिअरी ढवळायला. घरी शांतपणे एकदा चाखून बघावी म्हणून तिने ती बाटली आणली होती.

"तिथे सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मला चवच कळत नाही," ती म्हणाली. मग उठून उभी राहिली. "आजी, अमरावतीत सगळ्या बायका तुझ्याकडे लोणचं चाखायला घेऊन यायच्या ना? उद्या मालक यायच्या आधी तू चल."

"मी पिनार नाही."

"नको पिऊ. हुंग, जिभेवर घे, थुंकून टाक."

मी पाचव्या शीलाचा विचार केला. मग ओल्या चमच्यांच्या खणाचा केला. गेले.

तिथे स्टीलच्या टाक्या, आपल्याकडच्या दूध डेअरीसारख्या. मैत्रीने ग्लास भरून दिला. आधी मी डोळ्यांसमोर धरला. सकाळच्या उन्हात तो रंग वाईट नव्हता, पिवळ्या वरणावर तरंगणाऱ्या पाण्यासारखा. मग नाक घातलं, आणि बायांनो, मी क्षणभर वरूडच्या बागेत होते. संत्र्याचा गर नाही हं, साल. नखाने साल चिमटली की डोळ्यांत उडतं ना, ते. मागून पिकल्या आंब्याचा जरासा गोडवा.

तोंडात घेतली. ज्वारीच्या आंबिलीसारखी मऊ. कडू, पण मेथीच्या भाजीइतकी, कारल्यापर्यंत न गेलेली. इथवर नातीचं कौतुक करून मोकळी झाले असते. पण जिभेच्या मुळाशी काहीतरी टोचू लागलं. थुंकले, पाण्याने तोंड धुतलं, तरी जाईना. सुरण कच्चा राहिला की होतं तसं.

"सांगू का खरं?"

"खरंच सांग."

"बाई, हे खाजून राहिलं."

तिचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, "मलाही वाटत होतं. फुलांचा बारीक चुरा अजून खाली बसला नाहीये. थंड करून आठ दिवस ठेवली तर बसेल. पण शुक्रवारचं सगळ्यांना सांगून झालंय."

"घातल्या दिवशी लोणचं वाढते काय कोनी? मुरू दे तिले."

तेवढ्यात मालक आले. हाफ पँट घातलेला पन्नाशीचा गृहस्थ. उभ्या उभ्या अर्धा ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "झकास. लावू शुक्रवारी."

मला वाटलं, सुटलो. पोरीला हवं होतं ते मिळालं, आता गप्प बसावं. मी तिच्या जागी असते तर बसलेच असते, मला माझी खात्री आहे. मैत्री म्हणाली, "सर, आठ दिवस द्या. घशाला लागतेय."

"कोण म्हणतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं, नऊवारी नाही पण सुती लुगड्याच्या जातीचीच साडी नेसलेली, कपाळ मोकळं असलेली म्हातारी.

"मी म्हणते साहेब," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर परत एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि स्टीलच्या भांड्यात थुंकला. "एका दमात पेल्यावर नाही समजत. थोडं थांबून पाहा."

ते थांबले. जीभ टाळूला लावून उभे राहिले. मग म्हणाले, "आठ दिवस. त्यानंतरही अशीच लागली तर टाकी रिकामी करायची."

ते आठ दिवस मैत्री नीट जेवली नाही आणि मीही नाही. नवव्या सकाळी आम्ही पुन्हा त्या टाकीपाशी. धूसरपणा तसाच, संत्र्याची साल तशीच. मी थुंकून शंभर आकडे मोजले. टोचणी नव्हती. मालकांनी या वेळी आधी माझं तोंड पाहिलं, मगच ग्लास उचलला. त्या संध्याकाळी गिऱ्हाइकांसमोरच्या बिअरच्या फळ्यावर खडूने मैत्रीचं नाव लागलं.

बाबांना हे पटलं असतं असं मी लिहिणार नाही. त्यांनी पाहिलेली घरं मीही पाहिली आहेत, आणि मैत्रीला ते सांगते. ती ऐकून घेते, वाद घालत नाही, आणि कामावर जाते. माझं शील माझ्यापाशी शाबूत आहे, फक्त पाचव्यापाशी आवाज आता पूर्वीइतका चढत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी आता लेकरांकडे गेल्या आहात, कोणी हैदराबादला, कोणी पार अमेरिकेत. तुम्हाला ठाऊकच आहे, तिथे दिवसातून दहा वेळा विचारतात, "आई, काही हवंय का?" फार माया असते त्यात, आणि फार परकेपणाही. पहिले कित्येक महिने मी त्या प्रश्नाला "नाही" म्हणण्यातच घालवले. पुण्यातलं ते घर माझं झालं ते कोणीतरी समोर ग्लास धरून "कसं झालंय?" विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत थांबलं, तेव्हा. तिवसा, अकोला, अमरावती, सगळीकडे तसंच झालं होतं, माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं इतकंच.

फळ्यावर नाव लागलं त्या संध्याकाळी मैत्रीच्या स्कूटीवर मागे बसून घरी येत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा मी तिला विचारलं, इतकी शिकलेली माणसं होती तिथे, मग माझ्यासारख्या न पिणारीचं कशाला ऐकलं? तिने हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाली,

"सरांना बिअर विकायची होती, मला शाबासकी हवी होती. तुला तिच्याकडून काहीच नको होतं, आजी. म्हणून तुझं ऐकलं."